उज्जयिनीतील कालिदासभक्तांचा मेळा



काव्य वाचणे हा तसा एकांतातला उद्योग आहे. कंदिलाच्या किंवा विजेच्या उजेडात, घरातली माणसे निजल्यावर, मनुष्य आपल्या आवडत्या कवीजवळ बसतो आणि हा कवी केवळ आपलाच आहे अशी त्याची प्रामाणिक समजूत असते. अशा मनुष्याने पहिल्या प्रथम त्याच कवीच्या भक्तांच्या मेळ्यात पाऊल टाकले म्हणजे त्याची मोठी विचित्र अवस्था होते. आपल्यासारखे आणखी शेकडो वेडे जगात आहेत याचा आनंद होतो. आणि आपली खाजगी ठेव चव्हाट्यावर मांडलेली पाहून किंचित रागही येतो. उज्जैनच्या कालिदास समारोहास प्रथमच जाणाऱ्याला या दोन्ही भावना अनुभवास येतात. त्या समारोहाचा आणि त्याच्या पूर्वपीठिकेचा थोडा इतिहास आज सांगावयाचा आहे.

कालिदासाचे भक्त ही जात अर्वाचीन नव्हे. उज्जैनच्या वायव्येस असलेल्या मंदसोरला, म्हणजे मेघदूतातल्या दशपुराला, रेशमी वस्त्रे विणणाऱ्या कोष्ट्यांची एक श्रेणी लाट देशातून येऊन स्थायिक झाली होती. त्यांनी इ. स. 436 मध्ये सूर्यमंदिर बांधले आणि 473 मध्ये त्याचा जीर्णोद्धार केला. या प्रसंगाची प्रशस्ती वत्सभट्टी नावाच्या कवीने रचली. तीत मेघ आणि प्रासाद यांची जी जोडी त्याने लावली आहे ती वाचताना मेघदूताची आठवण झाल्यावाचून राहत नाही. ही रचना आपण प्रयत्नपूर्वक केली, असेही वत्सभट्टी प्रांजळपणे सांगून टाकतो. गुरूचे अनुकरण करणाऱ्या शिष्याचा घाम त्या शब्दांत दिसतो. पुढे 634 मध्ये ऐहोळेच्या शिलालेखात रविकीर्तीने आपली कीर्ती कालिदास व भारवी यांच्या तोडीची असल्याचे कोरून ठेवले. भक्त थोडा धीट झाला की असेच होते.

पण या सर्वांवर ताण केली ती जिनसेनाचार्यांनी. राष्ट्रकूट राजा अमोघवर्षाच्या काळातल्या या जैन कवीने ‘पार्श्वाभ्युदय’ रचले आणि मेघदूताची ओळ न् ओळ त्यात गुंफली. प्रत्येक श्लोकात एक किंवा दोन चरण कालिदासाचे, बाकीचे स्वतःचे. आणि विषय मात्र विरही यक्षाचा नसून तीर्थंकर पार्श्वनाथांचा! शृंगाराच्या ओळींतून वैराग्य काढण्याची ही करामत कोणाला रुचो वा न रुचो, परंतु तिचा एक उपयोग अमोल ठरला. नवव्या शतकात मेघदूताचा पाठ कसा होता, हे त्या काव्यावरून कळते. आपल्या पुण्याच्या काशीनाथ बापूजी पाठकांनी 1894 मध्ये मेघदूताची आवृत्ती काढली ती याच आधारावर. कवीवरच्या वेड्या प्रेमाने कवीचे शब्द राखले, असे हे उदाहरण आहे.

खुद्द कालिदासालाही अशा मेळ्याची कल्पना होती, असे मला वाटते. मेघाला अवंती देशात पाठवताना तो तिथल्या खेड्यांतल्या वृद्धांचा उल्लेख करतो; उदयन राजाची कथा सांगण्यात ते निष्णात आहेत म्हणून. राजा होऊन गेला त्याला शतके लोटली, पण पारावर बसून त्याची गोष्ट रंगवणारे म्हातारे हयात आहेत आणि कवी त्यांचा मान राखतो. आणि उज्जयिनीचा मोह तर त्याला इतका, की उत्तरेस अलकेला निघालेल्या मेघाला विदिशेवरून वाट वाकडी करून पश्चिमेकडे वळावयास तो लावतो. महाकालाची सायंपूजा, शिप्रेवरचा पहाटवारा, रात्री अंधारात निघालेल्या अभिसारिका, यांवर तो रेंगाळतो. निरोप पोचवण्याची घाई असलेल्या मनुष्याचे हे बोलणे नव्हे.

आता हा सगळा मजकूर मनात घोळवत जो प्रवासी उज्जैनच्या स्टेशनावर उतरतो, त्याची प्रथम निराशा होते, आणि ती होणे योग्यच आहे. कालिदासाच्या काळचे तिथे दाखवण्यासारखे फारसे काही नाही. कालिदास येथे राहत होता असे सांगणारा एकही समकालीन शिलालेख मिळालेला नाही. आज दिसणारे महाकालाचे मंदिर अठराव्या शतकातले. राणोजी शिंद्यांचे दिवाण रामचंद्रबाबा सुखटणकर यांनी ते पुन्हा उभारले. जयसिंहाची वेधशाळा त्याच शतकातली, आणि तिचा 1923 मध्ये माधवराव शिंद्यांनी जीर्णोद्धार केला तेव्हा तिचे काम पाहावयास होते ते गोविंद सदाशिव आपटे. सन 1810 च्या सुमारास दौलतराव शिंद्यांनी आपला मुक्काम ग्वाल्हेरीस नेईपर्यंत उज्जैन ही शिंद्यांची राजधानी होती. तेव्हा मराठी मनुष्याला या गावात कालिदासापेक्षा आपलेच पूर्वज अधिक भेटतात. हिंदीचे थोर कवी गजानन माधव मुक्तिबोध यांचे तारुण्य या गावाशी निगडित होते, प्रभाकर माचवे येथल्या माधव कॉलेजात शिकवीत होते, आणि भीमबेटकाची शैलचित्रे 1957 मध्ये उजेडात आणणारे विष्णु श्रीधर वाकणकर येथेच राहत. ही सर्व मराठी घरांतली माणसे.

स्मारक नाही, समाधी नाही, मग भक्तांनी जमावे कोठे? पंडित सूर्यनारायण व्यास यांनी या प्रश्नाचे उत्तर दिले. व्यास हे ज्योतिषी, ‘विक्रम’ मासिकाचे संपादक आणि उज्जैनच्या गतवैभवाचा ध्यास घेतलेले गृहस्थ. कालिदासाच्या जयंतीचा उपक्रम त्यांनी आरंभिला, परिषद स्थापिली आणि लोकांच्या मागे लागून लागून तो वाढवला. विक्रम विद्यापीठ 1957 मध्ये निघाले त्यामागेही त्यांची खटपट होती. अखेर 1958 मध्ये अखिल भारतीय कालिदास समारोह भरला आणि राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते त्याचे उद्‌घाटन झाले. परदेशात याआधीच जाग आली होती, हेही सांगितले पाहिजे. कालिदासाचे टपाल तिकीट सोविएत रशियाने 1956 मध्येच काढले. आपल्या सरकारने शाकुंतल व मेघदूतावरची तिकिटे काढली ती 1960 मध्ये.

त्या काळाची आणखी एक गंमत आहे. 1 नोव्हेंबर 1956 पर्यंत उज्जैन हे मध्यभारत राज्यात होते आणि रामटेक होते मध्यप्रदेशात, कारण त्या मध्यप्रदेशाची राजधानी नागपूर होती. राज्यपुनर्रचनेच्या त्या एका दिवसात उज्जैन मध्यप्रदेशात आले आणि रामटेक मध्यप्रदेशातून निघून द्वैभाषिक मुंबई राज्यात गेले. मेघ जिथून निघाला ते ठिकाण एका सरकारकडे आणि जिथे तो वाट वाकडी करून गेला ते दुसऱ्या सरकारकडे, अशी वाटणी झाली. नव्या मध्यप्रदेशाला चार निरनिराळ्या तुकड्यांतून एक राज्य उभे करावयाचे होते. त्याला सर्वांना मान्य होईल असा एक पूर्वज हवाच होता. कालिदास त्या कामी आला. कवीला राजाश्रय हवा असतो हे खरे, पण येथे राज्यालाच कवीचा आश्रय घ्यावा लागला.

तिथीची कथा तर याहून मनोरंजक. कालिदासाचा जन्मदिवस कोणालाच ठाऊक नाही. मग भक्तांनी काव्यातूनच तिथी काढली. शेषशय्येवरून विष्णू उठेल तेव्हा माझा शाप संपेल, असे यक्ष सांगतो. ती कार्तिक शुद्ध एकादशी. उज्जैनने ती पकडली. महाराष्ट्रात आपण आषाढ शुद्ध प्रतिपदा धरतो, कारण त्या दिवशी रामगिरीच्या कड्याला बिलगलेला मेघ यक्षाने पाहिला. एकाने विरहाचा शेवट साजरा करावा आणि दुसऱ्याने प्रारंभ! दोन्ही तिथी एकाच काव्यातल्या, तरी त्यांचा आपसात हिशेब जुळत नाही. शाप संपावयास चार महिने उरले आहेत असे यक्ष म्हणतो. कार्तिकी एकादशीपासून चार महिने मागे मोजले तर आषाढी एकादशी येते, प्रतिपदा नव्हे. या दहा दिवसांपायी टीकाकारांनी किती शाई खर्च केली आहे! कोणी ‘प्रथम’ या शब्दाऐवजी ‘प्रशम’ असा पाठ घेऊन महिन्याचा शेवट सुचवला. मल्लिनाथाने ‘प्रथम’ हाच पाठ राखला. मराठी श्रोत्यांच्या मात्र लक्षात आलेच असेल की कार्तिकी एकादशीला पंढरपुरातही मेळा असतो. ज्याला वारी चुकवायची नाही आणि कालिदासही सोडवत नाही, त्याने काय करावे, हे कोणत्याही टीकाकाराने सांगितलेले नाही.

साहित्यिकांचे असले मेळे प्रथमदर्शनी नेहमीच फसतात की काय, अशी शंका इतिहास वाचताना येते. इंग्लंडात डेव्हिड गॅरिक या नटाने सप्टेंबर 1769 मध्ये स्ट्रॅटफर्डला शेक्सपिअरचा तीन दिवसांचा महोत्सव केला. पावसाने एव्हन नदीला पूर आला, मिरवणूक रद्द करावी लागली आणि कहर म्हणजे त्या तीन दिवसांत शेक्सपिअरचे एकही नाटक झाले नाही. उज्जैनने निदान हा प्रमाद केला नाही. शिप्रेच्या जलाची कलशयात्रा आणि गढकालिकेच्या देवळातले वागर्चन यांनी प्रारंभ होतो, विद्वानांच्या परिषदा होतात, श्लोकपठणाच्या स्पर्धा आणि चित्रांचे व शिल्पांचे प्रदर्शन असते. पण रात्री नाटक असते, आणि गर्दी नाटकालाच असते.

मी प्रथम गेलो तेव्हा मनात एक धाकधूक होती. संस्कृत शाळेत शिकलो त्याला बरीच वर्षे झाली होती. मोरेश्वर रामचंद्र काळ्यांच्या टीपा उशाशी घेतल्यावाचून शाकुंतलाचे एक पानही सलग वाचता येत नव्हते. विद्वानांच्या पंक्तीला आपले पान कशास, असे वाटत होते. दिवसाच्या परिषदेत ती भीती खरीही ठरली. कालनिर्णयाच्या वादातले निम्मे मला कळले नाही, आणि उद्‌घाटनाची भाषणे कळली ती फार लांबली म्हणून. रात्री मात्र शेजारी बसलेल्या माळवी वृद्धाने, संस्कृतचे एक अक्षर येत नसताना, शकुंतला निघाली तेव्हा उपरण्याने डोळे पुसले. त्याच्या घरून मुली सासरी गेलेल्या असणार. मग माझ्याही कानांची भीती चेपली, आणि एक गोष्ट ऐकू येऊ लागली, जी घरी वाचताना कधी ध्यानात आली नव्हती. राजा संस्कृतात बोलतो. शकुंतला आणि तिच्या सख्या प्राकृतात. आणि गाण्याची वेळ आली की ते प्राकृत महाराष्ट्री असते. नाट्याचा संकेतच तसा आहे. म्हणजे आपल्या मराठीच्या आजीचा आवाज कालिदासाच्या रंगभूमीवर गातो आहे! पुण्यात 31 ऑक्टोबर 1880 रोजी अण्णासाहेब किर्लोस्करांनी संगीत नाटकाचा पडदा वर केला तो शाकुंतलावरच, आणि कृष्णशास्त्री चिपळूणकरांपासून चिंतामणराव देशमुख, कुसुमाग्रज, बोरकर, शांता शेळके यांच्यापर्यंत मेघदूत मराठीत आणण्याची हौस कोणाची फिटली नाही, यात मग आश्चर्य वाटत नाही.

या मेळ्यात एक प्रश्न हटकून निघतो आणि माणसे त्यावर हमरीतुमरीवर येतात: कालिदास कोठला? डॉ. भाऊ दाजी लाड यांनी 1860 च्या सुमारास तो काश्मीरचा अधिपती झालेला मातृगुप्त होय, असे प्रतिपादन केले. बंगाल्यांचा हक्क निराळा, उज्जैनकरांचा निराळा. महामहोपाध्याय वासुदेव विष्णु मिराशी यांनी वाकाटकांच्या ताम्रपटांचा आधार घेऊन रामगिरी म्हणजे रामटेक हे मत दृढ केले. चंद्रगुप्त दुसरा याची कन्या प्रभावतीगुप्ता विदर्भात वाकाटकांकडे दिलेली होती आणि रामगिरीच्या स्वामीवर तिची भक्ती होती, हे ताम्रपटांवरून स्पष्टच आहे. रामगिरी म्हणजे सरगुज्यातला रामगड, असे मानणारेही विद्वान झाले. मिराशींचा पक्ष मला अधिक बळकट वाटतो, तो मराठी म्हणून नव्हे, पुराव्याची मांडणी म्हणून. परंतु रामगिरी कोठे हे ठरल्याने कवीचे जन्मगाव ठरत नाही, आणि उज्जयिनीवर प्रेम केले म्हणून तो उज्जयिनीत जन्मला असेही ठरत नाही. परगावचा मनुष्यच एखाद्या शहरावर असे लुब्ध होतो, असेही म्हणता येईल. उज्जैनमधले पुष्कळ लोक त्याला इसवी सनापूर्वी 57 च्या विक्रमादित्याच्या सभेत बसवतात. बहुसंख्य संशोधक त्याला गुप्तकाळात, चवथ्या-पाचव्या शतकात ठेवतात. समारोहाच्या मंडपात हे दोन्ही पक्ष शेजारी बसून जेवतात, ही त्या मंडपाची खरी मिळकत मानली पाहिजे.

उत्सव पुढे वाढत गेला. मध्यप्रदेश शासनाने 1978 मध्ये उज्जैनला कालिदास अकादमी काढली, तर इकडे रामटेकला 1997 मध्ये कविकुलगुरू कालिदास संस्कृत विश्वविद्यालय झाले. पण मला सर्वांत अधिक भावलेली घटना वेगळीच आहे. मालविकाग्निमित्राच्या प्रस्तावनेत कालिदास स्वतः नवखा म्हणून उभा आहे. भासासारख्या नामांकित नाटककारांना सोडून या नव्या कवीचे नाटक कशाला, असा प्रश्न तेथे विचारला जातो, आणि जुने तेवढे सोने नव्हे, असे त्याचे उत्तर सूत्रधार देतो. पुढे काळाने असा उलटा न्याय केला की भासाची नाटकेच विस्मृतीत गेली. त्रिवेंद्रमच्या गणपतिशास्त्र्यांना त्यांची हस्तलिखिते सापडून 1912 पासून ती छापली जाईपर्यंत भास हे बहुतेकांना केवळ नाव होते. सन 1970 नंतरच्या दशकाच्या अखेरीस केरळचे कावालम नारायण पणिक्कर आपली मंडळी घेऊन उज्जैनला आले आणि त्यांनी कालिदासाच्या समारोहात भासाचा ‘मध्यमव्यायोग’ संस्कृतात उभा केला.