रुजुवात

विम्याचा करार सहीनिशी पुरा होऊन दोन दिवस झाल्यावर कंपनीतून एका मुलीचा दूरध्वनी आला, नाव व जन्मतारीख विचारून तिने अटींचा एक लांबलचक परिच्छेद एका दमात वाचला आणि मान्य असल्यास 'हो' म्हणावे अशी विनंती केली, तेव्हा मी निमूटपणे हो म्हणालो; परंतु दूरध्वनी खाली ठेवताना मनात आले की, कागदावर सही असतानाही कबुली पुन्हा तोंडाने वदवून घेण्याची ही 'व्हेरिफिकेशन कॉल' नावाची रीत आपण समजतो तितकी नवी नव्हे. तिला शोभेसा शब्दही आपल्या जुन्या दफ्तरांत आयता आहे, तो म्हणजे रुजुवात. हिशेबाचा ताळा पाहणे आणि उभय पक्षांस समोरासमोर आणून त्यांचे म्हणणे पडताळणे, हे दोन्ही अर्थ त्या एका शब्दात नांदतात.

मराठेशाहीतला कागद नुसत्या मजकुराच्या भरवशावर राहत नसे. पत्राच्या अखेरीस मोर्तब उमटले की त्यापुढे एक अक्षरही वाढविण्यास वाव उरत नसे. महजरावर पाटलाचा नांगर, शेट्यांचा तराजू, न्हाव्याचा आरसा आणि स्त्रीच्या नावापुढे बांगडी अशा निशाण्या येत, म्हणजे ज्याला अक्षर ठाऊक नव्हते त्याच्या वतीने त्याचा व्यवसाय किंवा त्याचा अलंकार साक्षीला उभा राही. आता नांगराच्या चार रेघा कोणालाही ओढता येतील, हे त्या लोकांना कळत नव्हते असे नाही; पण त्या रेघा गोतसभेच्या देखत ओढलेल्या असत, आणि उद्या कोणी नाकबूल गेलाच तर त्याला ओळखणारी माणसे त्याच पारावर बसलेली असत.

इंग्रजी अमलात हाच कागद गावाबाहेरच्या दिवाणी कोर्टात गेला, आणि तेथे पार नव्हता. त्यातच 1859 च्या मुदतीच्या कायद्याने साध्या रोख्यावर दावा लावण्यास तीन वर्षांची मर्यादा घातली. हेतू ऋणकोच्या हिताचा होता, परंतु परिणाम असा झाला की मुदत भरत आली की सावकार जुने खत मोडून नवे लिहवून घेई, थकलेले व्याज मुद्दलात जाऊन बसे, आणि कुणबी न वाचलेल्या, किंबहुना वाचता न येणाऱ्या मजकुराखाली पुन्हा अंगठा वा निशाणी करी. 12 मे 1875 रोजी पुणे जिल्ह्यातील सुपे येथे दंगा उसळला व पुढे तो अहमदनगर जिल्ह्यातही पसरला, तेव्हा जमावाचा रोख माणसांपेक्षा खतांवर आणि रोख्यांवर अधिक होता, यात आश्चर्य ते कोणते?

त्यानंतर चौकशी होऊन 1879 साली डेक्कन ॲग्रिकल्चरिस्ट्स रिलीफ ॲक्ट पुणे, सातारा, सोलापूर व अहमदनगर या चार जिल्ह्यांस लागू झाला, आणि त्यातील ग्रामनिबंधकाची योजना ही माझ्या मते आजच्या दूरध्वनीची खरी पूर्वज होय. शेतकरी ज्यात पक्षकार आहे असा दस्तऐवज त्या निबंधकापुढेच लिहिला जावा, त्याने पक्षकाराची ओळख पटवून घ्यावी, मोबदला काय हे कागदात पुरते नमूद व्हावे, जुन्या खतापोटी नवे होत असेल तर ते जुने खत पुढे आणावे, आणि सही होण्यापूर्वी मजकूर मोठ्याने वाचून दाखवावा, असा एकंदर बंदोबस्त होता.

बंदोबस्त चोख होता. परंतु गरजवंताला अक्कल नसते, आणि सावकाराला ती मुबलक असते. गहाणाचा हिशेब कोर्ट मुळापासून तपासू लागले, तसे सावकार गहाणखताऐवजी खरेदीखत मागू लागले. कर्ज फिटताच जमीन परत देण्याचा शब्द घराच्या ओसरीवर तोंडी दिला जाई, आणि निबंधकापुढे कागद वाचून होताच कुणबी शुद्धीत, राजीखुषीने, जमीन विकली म्हणून कबुली देई. ओळख खरी, वाचन खरे, कबुलीही खरी. व्यवहार तेवढा खोटा. अखेर मूळ कायद्यात दुरुस्ती होऊन, खरेदीखताच्या आड गहाण दडले आहे काय हे पाहण्यासाठी तोंडी पुरावा घेण्याची मुभा कोर्टास मिळाली, आणि ओसरीवरचा तो शब्द साक्षीदारांच्या पिंजऱ्यात येऊन उभा राहिला.