लॉन काढून कॉटेज गार्डन करायचंय? मग आधी या नवरा-बायकोचा वाद समजून घ्या

दगडी घर, दारावर चढलेला गुलाब आणि पायवाटेवर दोन्ही बाजूंनी ओसंडणारी फुलं. असं रील समोर आलं की आपण सेव्ह करून ठेवतो. मग घरापुढच्या चौकोनी लॉनकडे बघतो आणि वाटतं, हे सगळं उपटून तसंच काहीतरी करावं.

त्या बागेला म्हणतात कॉटेज गार्डन. बघताना वाटतं की कुणीतरी मूठभर बिया फेकल्या आणि बाकीचं पावसाने केलं. या समजापायीच बरेच हौशी लोक एका रविवारी सगळं लॉन खणतात आणि चार महिन्यांनी तिथे फक्त तण उरतं.

असं का होतं आणि ते टाळायचं कसं, तेच बघू.

कॉटेज गार्डन आलं कुठून?

मूळ इंग्लंडचं. खेड्यातल्या मजुराच्या घराला थोडी जागा असायची. त्यात कोबी, कांदे, औषधी पाला, फळझाडं आणि उरलेल्या फटीत फुलं. जागा कमी म्हणून सगळं दाटीवाटीने लावलेलं. रोपं शेजाऱ्याकडून मागून आणलेली, बी घरचंच. म्हणजे आपल्या परसबागेसारखाच हिशोब.

लॉन ही त्याच्या उलट गोष्ट. एवढी जमीन आहे पण तिच्यात काही पिकवायची गरज नाही, हे दाखवण्याची श्रीमंतांची ती पद्धत होती. गवत विळ्याने कापायला माणसं लागायची, ती मोठ्या घरांनाच परवडायची. 1830 साली एडविन बडिंग या इंग्रज माणसाने गवत कापायच्या यंत्राचं पेटंट घेतलं. अशी यंत्रं स्वस्त होत गेली तसं लॉन मध्यमवर्गाच्या दारातही आलं.

पुढे विल्यम रॉबिन्सन यांनी 1870 मध्ये ‘द वाइल्ड गार्डन’ हे पुस्तक लिहिलं आणि आखीवरेखीव बागांवर टीका केली. गर्ट्रूड जेकिल यांनी खेड्यातल्या या साध्या बागांमधून रंगसंगतीच्या कल्पना उचलल्या. गरिबाची बाग फॅशनमध्ये आली ती अशी.

वॉल्टरना लॉन हवं, मार्जरींना फुलं

आता मुख्य गोष्ट. मार्जरी फिश लंडनमध्ये वर्तमानपत्राच्या कचेरीत काम करायच्या. नवरा वॉल्टर फिश हे ‘डेली मेल’चे माजी संपादक. 1937 मध्ये दोघांनी सॉमरसेटमधल्या ईस्ट लॅम्ब्रुक या गावी एक जुनं घर घेतलं. घर पडीक, आवाराची दुर्दशा. मार्जरी तेव्हा 45 वर्षांच्या होत्या आणि बागकामाचा अनुभव जवळपास शून्य.

दोघांचं बागेवरून जमेना. वॉल्टर यांच्या मते चांगलं लॉन, नीट पायवाटा, कुंपण आणि भिंती या चार गोष्टी असल्या की बाग झाली. फुलांमध्ये त्यांना डेलियासारखी ठसठशीत फुलं आवडायची. मार्जरींना मात्र खेड्यातली जुनी, साधी, फटीफटीत वाढणारी झाडं हवी होती.

1947 मध्ये वॉल्टर गेले. मार्जरींनी मग मनासारखी बाग केली आणि 1956 मध्ये ‘वुई मेड अ गार्डन’ हे पुस्तक लिहिलं. गंमत म्हणजे हे पुस्तक वॉल्टर यांच्या तक्रारींनी जितकं भरलंय, तितकंच त्यांचं बरोबर कुठे होतं याच्या कबुलीनेही भरलंय. बागेला आधी सांगाडा लागतो, हे त्या नवऱ्याकडून शिकल्या. त्यांच्या बागेत पायवाटेच्या दोन्ही बाजूंना छाटून गोलसर केलेल्या सदाहरित झाडांची रांग आहे. आजूबाजूला फुलांचा कितीही गोंधळ असला तरी नजर त्या रांगेला धरून राहते. ही बाग पुढे लोकांना बघायलाही खुली झाली.

थोडक्यात, कॉटेज गार्डन मोकळं दिसतं कारण त्याच्या खाली एक शिस्त असते.

मग सुरुवात कुठून करायची?

1. सगळं लॉन एकदम काढू नका. भिंतीकडेची किंवा कुंपणाकडेची दीड-दोन मीटर रुंद पट्टी घ्या. दिवसाला किमान सहा तास ऊन येणारी जागा बघा. मधलं थोडं लॉन राहू द्या. तीच तुमची पायवाट.

2. आधी वाट ठरवा, मग झाडं. आठवडाभर बघा, घरातली माणसं कुठून चालतात. तिथेच वाट करा. वाट किमान एक मीटर ठेवा, कारण कडेची झाडं तिच्यावर झुकणारच.

3. गवत मारा. थंड देशात शरद ऋतूत गवतावर पुठ्ठे अंथरतात. चिकटपट्टी काढायची, पुठ्ठे एकमेकांवर चढवून भिजवायचे आणि वर 10 ते 15 सेंटीमीटर कंपोस्ट टाकायचं. वसंतापर्यंत खालचं बरंचसं गवत कुजतं.

4. तीन थर करा. मागे उंच झाडं, म्हणजे हॉलीहॉक, डेल्फिनियम, फॉक्सग्लोव्ह. मध्ये गुलाब, कोलंबाइन, हार्डी जिरेनियम. कडेला लव्हेंडर, कॅटमिंट. फॉक्सग्लोव्हचं सगळं झाड विषारी असतं, लहान मुलं असतील तर ते टाळाच.

5. प्रकार कमी, संख्या जास्त. नर्सरीत गेलो की आपण प्रत्येकी एक रोप उचलतो. त्याने बाग नमुन्यांच्या दुकानासारखी दिसते. सात-आठ प्रकार घ्या, प्रत्येकाची तीन ते पाच रोपं एकत्र लावा आणि तोच गट थोड्या अंतरावर पुन्हा आणा.

6. थोडं बी पडू द्या. कॅलेंडुला, नायजेला, पॉपी यांची वाळलेली बोंडं लगेच कापू नका. पुढच्या वर्षी रोपं फुकट मिळतात. नको तिथे उगवली तर उपटायची. पण त्यासाठी कोवळं रोप आणि कोवळं तण यातला फरक ओळखता यायला हवा. हौशी माणसाने शिकायची सगळ्यात कामाची गोष्ट हीच.

पहिलं वर्ष सोडून द्या

पहिल्या वर्षी बाग उघडीबोडकी दिसते, कारण बहुवार्षिक झाडं आधी मुळं पसरवतात. फॉक्सग्लोव्ह तर बहुधा पहिल्या वर्षी पानं आणि दुसऱ्या वर्षी फुलं देतो. मोकळ्या जागी एका हंगामाची फुलं लावा. तिसऱ्या वर्षाकडे झाडं एकमेकांना भिडतात, जमीन झाकली जाते आणि तण कमी होतं. काम मात्र संपत नाही. दर आठवड्याच्या गवतकापणीऐवजी छाटणी, आधाराच्या काठ्या आणि खुरपणी येते.

अमेरिकेत राहत असाल तर खणण्याआधी तुमच्या वसाहतीचे नियम वाचा. दर्शनी भागात लॉनच हवं, असा नियम काही ठिकाणी असतो.

आणि महाराष्ट्रात?

पद्धत तीच, झाडं वेगळी. लव्हेंडर आणि डेल्फिनियम आपल्या उन्हाळ्यात आणि पावसाळ्यात सहसा टिकत नाहीत. त्यांच्यामागे पैसे घालवू नका.

इथे वर्षाचे दोन हंगाम धरा. पावसाळ्यात तेरडा, झेंडू, कॉसमॉस, झिनिया, गुलबक्षी. यातली बरीचशी पडलेल्या बियांतून पुन्हा उगवतात. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये हॉलीहॉक, लार्कस्पर, फ्लॉक्स, नॅस्टर्शियम पेरा, थंडीत फुलतील. सांगाड्यासाठी गावठी गुलाब, मोगरा, कढीपत्ता, जास्वंद.

लॉनमध्ये हरळी असेल तर निव्वळ पुठ्ठ्याच्या भरवशावर राहू नका, ती वाट काढून वर येते. एप्रिल-मेमध्ये जमीन खणा, काशा वेचून काढा आणि माती उन्हात तापू द्या. शेतकरी उन्हाळी नांगरट करतात त्यामागे हेही एक कारण असतंच.

तेव्हा या रविवारी लॉनच्या एका कडेला दोरी लावा आणि दोन मीटरची पट्टी आखा. या वर्षी तेवढीच. ती जमली की पुढच्या वर्षी दोरी आणखी थोडी आत सरकवा.