मैदान व विद्या यांचें सख्य

करवीरनगरी ही बळाची उपासक आहे. राजर्षि शाहू महाराजांनीं उभारलेलें खासबागेचें कुस्ती-मैदान, तालमीतालमींचे फुटबॉल संघ आणि राजाराम कॉलेजचे विद्यार्थी खाशाबा जाधव यांनीं 1952 सालीं हेलसिंकी येथें मिळविलेलें ऑलिंपिक कांस्यपदक यांचा अभिमान कोणास नाहीं? दुसरीकडे उद्यमनगरांतील लेथ व फाउंड्री हींहि शहराचें भूषणच होत. तथापि घरोघरीं आईबाप मुलास विचारतात, "खेळणार कीं शिकणार?" ह्या प्रश्नावर प्रकाश पाडणारा एक अलीकडचा इतिहास आम्ही ह्या महोत्सवी अंकांत वाचकांपुढें ठेवितों.

श्री. सौरभ नेत्रावळकर यांचा जन्म 1991 सालीं मुंबईस झाला. डाव्या हातानें जलद गोलंदाजी करणाऱ्या ह्या विद्यार्थ्यानें 2010 सालीं न्यूझीलंडमध्यें, एकोणीस वर्षांखालील मुलांच्या विश्वचषकांत, भारतातर्फे सर्वाधिक म्हणजे 9 बळी घेतले. के. एल. राहुल हे त्याच संघांतील सोबती. पुढें मुंबईच्या सरदार पटेल इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजींत संगणक अभियांत्रिकीचें शिक्षण पुरें झालें आणि 2013 सालीं मुंबईतर्फे रणजी सामन्यांत पदार्पणहि घडलें. परंतु त्या मातबर संघांत कायमचें स्थान लाभेना. दोहोंपैकीं एक वाट धरणें प्राप्त झालें. सोबती भारताच्या संघांत जात असतां 2015 सालीं ते उच्च शिक्षणासाठीं अमेरिकेंतील कॉर्नेल विद्यापीठांत दाखल झाले. हा त्याग लहान नव्हता.

तेथील पदवी घेऊन त्यांनीं कॅलिफोर्नियांत ओरॅकल कंपनींत अभियंत्याची नोकरी धरली. अफाट मजकुरांतून हवी ती माहिती क्षणांत शोधून देणारी संगणकप्रणाली रचणें, हें त्यांचें काम. त्यांत ते वरच्या पदास चढले. सुटीच्या दिवशीं मात्र चेंडू पुन्हा हातीं आला. 2018 पासून ते अमेरिकेच्या संघांतून खेळूं लागले व त्याचे कर्णधारहि झाले.

6 जून 2024 रोजीं डॅलसजवळ विश्वचषकांत अमेरिका व पाकिस्तान यांच्या धावा 159 अशा समसमान झाल्या. निर्णय सुपर ओव्हरवर गेला. अमेरिकेनें 18 धावा केल्या, आणि उत्तरादाखल पाकिस्तानला नेत्रावळकरांनीं 13 धावांवर रोखलें! सहा दिवसांनीं न्यूयॉर्क येथें त्यांनीं विराट कोहली व रोहित शर्मा यांस बाद केलें. सामना भारतानेंच जिंकला. सामन्यानंतर मुक्कामीं बसून ते कचेरीचें काम करीत, असें त्यांच्या घरच्यांनीं सांगितलें.

वाचकहो, सर्वांनाच असा दुसरा डाव लाभत नाहीं, हें आम्ही जाणतों. परंतु जें शिक्षण खेळाचें वैरी भासलें, त्यानेंच त्यांस अपयशाच्या दिवसांत पायांखालीं भूमि दिली. यास्तव एका चषकाच्या भरंवशावर पुस्तक मिटूं नये, तसेंच परीक्षेच्या धाकानें मुलास मैदानावरून ओढून आणूं नये. गोलंदाजाचा धीर व अभियंत्याची चिकाटी हीं एकाच सवयीचीं दोन नांवें होत. ती सवय आमच्या धर्मग्रामांतील प्रत्येक मुलामुलीस जडो, हीच प्रभुचरणीं प्रार्थना.