तीन आठवड्यांची घडी

आमच्या घरात काही नावं उच्चारली जात नसत. डुक्कर हे त्यांतलं एक. अम्मी ‘तो प्राणी’ एवढंच म्हणायची. १९९० च्या दशकात माझ्या भाभीला दोनदा दिवस गेले आणि दोन्ही वेळा ते टिकले नाहीत. तिसऱ्या खेपेला डॉक्टरांनी प्रोजेस्टेरॉनची इंजेक्शनं लिहून दिली. अम्मीनं विचारलं, “हे कशापासून करतात?” डॉक्टर म्हणाले, “वनस्पतीपासून.” अम्मीचं समाधान झालं. उत्तर खरंच होतं. पण गोष्टीचा उत्तरार्धच तेवढा त्यात होता. पूर्वार्ध मला फार उशिरा वाचायला मिळाला.

स्त्रीबीज बीजांडकोशातून बाहेर पडलं की त्या जागी एक गाठ तयार होते. तिला पीतपिंड म्हणतात. ही गाठ कशासाठी, हे कोणाला ठाऊक नव्हतं. गर्भ रुजवण्याचं काम तीच करत असावी, अशी कल्पना गुस्ताव बॉर्न या जर्मन शास्त्रज्ञाला सुचली. पण १९०० मध्ये त्यांचं निधन झालं. लुडविग फ्रेंकेल यांनी सशांवर प्रयोग करून ती खरी ठरवली. गाठी नष्ट केल्या की गर्भ टिकत नसे.

अमेरिकेत जॉर्ज कॉर्नर यांनी यापुढचं काम हाती घेतलं आणि त्यासाठी निवडली डुकरीण. कारण साधं होतं. कत्तलखान्यात तिचे बीजांडकोश हवे तेवढे मिळत, आणि एकेका मादीत अशा दहा-पंधरा गाठी सापडत. डुकरीण दर २१ दिवसांनी माजावर येते. त्या तीन आठवड्यांत बीजांडकोश आणि गर्भाशयाचं अस्तर कसकसं बदलतं, याचा आलेख कॉर्नर यांनी १९२१ मध्ये प्रसिद्ध केला. ती जणू शरीरातल्या घड्याळाची तबकडीच होती.

पुढे रॉचेस्टर विद्यापीठात विलर्ड ॲलन हा वैद्यकीचा विद्यार्थी त्यांना येऊन मिळाला. दोघांनी डुकरिणीच्या पीतपिंडांचा अल्कोहोलमध्ये अर्क काढला. नुकत्याच फळलेल्या सशाच्या मादीचे बीजांडकोश काढून टाकायचे आणि तिला हा अर्क टोचायचा. मध्येच एकदा गुण येईना. शोध घेतला तेव्हा कळलं, काही ससे फार कोवळ्या वयाचे होते. त्यांचं गर्भाशय अजून दाद देण्याजोगं झालंच नव्हतं. १९२९ मध्ये मात्र शंका उरली नाही. बीजांडकोश नसतानाही पोटातली पिल्लं जगली होती.

अर्क हाती आला, पण शुद्ध द्रव्य मिळवणं महाकठीण. १९३४ मध्ये ते चार प्रयोगशाळांनी जवळपास एकाच वेळी मिळवलं. त्यांतल्या ॲडॉल्फ ब्यूटेनांट यांना सुमारे ५०,००० डुकरिणींच्या बीजांडकोशांतून अवघं २० मिलिग्रॅम प्रोजेस्टेरॉन मिळालं. १९३६ मध्ये एडवर्ड डॉइझी यांनी चार टन बीजांडकोशांतून काही मिलिग्रॅम इस्ट्रॅडिऑल वेगळं केलं. चिमटीत मावणारं द्रव्य, आणि त्यामागे एवढे जीव! १९४० च्या दशकात रसेल मार्कर यांनी मेक्सिकोतल्या रानकंदापासून प्रोजेस्टेरॉन बनवलं, तेव्हा ही गरज संपली. डॉक्टरांनी सांगितलेली वनस्पती ती हीच.

डुकरिणीकडून शिकणं मात्र संपलं नाही. गर्भ राहिला नाही तर गर्भाशयातून प्रोस्टाग्लँडिन नावाचं द्रव्य रक्तात उतरतं आणि पीतपिंड मोडतो. मग नवी पाळी. पण गर्भ असतील तर साधारण बाराव्या दिवशी ते स्वतःच इस्ट्रोजेन सोडून आईला आपली खबर देतात. तेच द्रव्य मग रक्ताऐवजी गर्भाशयाच्या पोकळीत वळतं, आणि पीतपिंड ११४ दिवस, म्हणजे थेट विण्यापर्यंत टिकतो. ही उपपत्ती बेझर आणि थॅचर यांनी १९७७ मध्ये मांडली. एकट्यादुकट्या गर्भाचा निरोप सहसा पुरत नाही. निदान चार तरी लागतात.

भाभीचं ते मूल वाचलं. औषधानं की नशिबानं, मी सांगू शकत नाही. अम्मी आता नाही. असती तर ही पूर्वार्धाची गोष्ट तिला सांगितली असती का, याचा मी पुष्कळ विचार केला. सांगितली असती. खाणं निषिद्ध आहे; उपकार मानणं कुठे निषिद्ध आहे?