हातचा न घेणारी संख्या

१११११११११ ला त्याच संख्येने गुणले की उत्तर येते १२३४५६७८९८७६५४३२१. पाटीवर गुणाकार मांडला की त्यातले इंगित दिसते. नऊ ओळी, प्रत्येकीत नऊ एक्के, दर ओळ एक घर डावीकडे सरकलेली. उभ्या रकान्यांच्या बेरजा एकापासून नवापर्यंत चढतात आणि तशाच उतरतात. हातचा एकदाही घ्यावा लागत नाही.

दहावा एक्का जोडला की मधल्या रकान्यात दहा भरतात, हातचा निघतो आणि उत्तर १२३४५६७९००९८७६५४३२१ असे विस्कटते. डावीकडचा आठ गायब!

भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’तील (११५०) स्थाननावे लावली, तर सतरा अंकांची ही संख्या ‘मध्य’ या स्थानापर्यंत पोचते. परार्ध तिथून एकच घर पुढे. पण तिला स्वतःचे घराणे मिळाले ते विसाव्या शतकात, एका शाळामास्तरामुळे. दत्तात्रय रामचंद्र कापरेकर १७ जानेवारी १९०५ ला डहाणूत जन्मले आणि १९३० ते १९६२ देवळालीच्या शाळेत शिकवत राहिले. जीआयपी रेल्वेच्या ज्या स्टेशनावर त्यांना या संख्या सुचल्या, त्याचेच नाव त्यांनी या संख्यांना दिले: डेम्लो, म्हणजे आजची डोंबिवली. १९३८ मध्ये ‘द मॅथेमॅटिक्स स्टुडंट’मध्ये त्यांचा लेख आला.

डेम्लोची खूण सोपी आहे. २५५३ घ्या. डावीकडचे २ आणि उजवीकडचे ३ मिळवले की मधला ५ मिळतो. आपल्या सतरा अंकीचा मधला ९ बाजूला ठेवा. १२३४५६७८ आणि ८७६५४३२१ यांची बेरीज ९९९९९९९९. नुसते नऊच नऊ.

कापरेकरांनी दुसऱ्या एका कुळाला ‘हर्षद’ म्हटले: आपल्याच अंकांच्या बेरजेने निःशेष भाग जाणाऱ्या संख्या. इथे अंकांची बेरीज ८१, आणि ८१ ने भागले की बरोबर १२३४५६७९ चा वर्ग उरतो. इथेही आठ नाहीच. एकाच संख्येत मास्तरांची दोन्ही कुळे नांदतात. असल्या आकडेखेळांना पुष्कळ प्राध्यापकांनी क्षुल्लक ठरवले होते. मार्टिन गार्डनर यांनी १९७५ मध्ये ‘सायंटिफिक अमेरिकन’मध्ये लिहिले, तेव्हा कुठे जगाचे लक्ष गेले.

कापरेकरांचा ६१७४ चा खेळ तर कोणालाही बसल्या जागी खेळता येतो. चार अंकी संख्या घ्यायची (चारही अंक सारखे नकोत), अंक उतरते आणि चढते मांडून वजाबाकी करायची, उत्तरावर पुन्हा तेच, ६१७४ येईपर्यंत. इथे मात्र हातच्यावाचून पान हलत नाही. लातूर जिल्हा झाला १९८२ मध्ये: ९८२१ वजा १२८९ म्हणजे ८५३२, मग ८५३२ वजा २३५८ म्हणजे ६१७४. दोन पायऱ्यांत काम फत्ते. नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाचे स्थापनावर्ष १९९४ घेतले, तर सात पायऱ्या लागतात. सातापेक्षा जास्त कोणत्याच संख्येला लागत नाहीत.