महार रेजिमेंट : नुसत्या पराक्रमाने दार उघडले नाही

दरवर्षी 1 जानेवारीला आपण लाखोंच्या संख्येने कोरेगाव भीमाच्या विजयस्तंभाला मानवंदना देतो. ती दिलीच पाहिजे. पण मोबाइलवर फिरणारा आपला इतिहास 1818 वरून थेट आजच्या महार रेजिमेंटवर उडी मारतो. मधली सव्वाशे वर्षे त्यात नसतातच, आणि आपल्या कामाचा धडा नेमका त्याच वर्षांत आहे.

कोरेगावच्या स्तंभावरील नावांपैकी 22 नावांच्या शेवटी 'नाक' आहे. ही महार सैनिकांची नावे. कंपनीच्या मुंबई सैन्यात महारांनी पिढ्यान् पिढ्या नोकरी केली. तिथे पगार होता, पेन्शन होते आणि मुख्य म्हणजे शाळा होती. बाबासाहेबांचे वडील सुभेदार रामजी सकपाळ लष्करी शाळेत मुख्याध्यापक होते. गावाने ज्यांना शाळेच्या पायरीवर उभे केले नाही, त्यांच्या हाती छावणीत पुस्तक आले.

मग हे दार बंद का झाले? 1885 ते 1893 या काळात लॉर्ड रॉबर्ट्स सरसेनापती होते. काही जाती-जमाती जन्मतःच लढवय्या आणि बाकीच्या नालायक, या 'लढाऊ वंशा'च्या सिद्धांताचे ते मोठे पुरस्कर्ते. 1892 च्या सुमारास महारांची भरती थांबली. जन्मावरून लायकी ठरवणारा हा सिद्धांत इंग्रजी बोलत असला, तरी त्याचे मनुस्मृतीशी नाते लपत नाही. कोरेगावच्या स्तंभावर आपली नावे तेव्हाही होती. ती कुणी पुसली नव्हती. तरीही भरती बंद झाली!

यावर आपले पूर्वज गप्प बसले नाहीत. सैन्यातून निवृत्त झालेले गोपाळबाबा वलंगकर यांनी 1894 मध्ये अर्ज तयार केला. पुण्याच्या शिवराम जानबा कांबळे यांनी सभा भरवल्या, सह्या गोळा केल्या आणि 1910 मध्ये सैन्य व पोलिसांतील भरतीची मागणी थेट ब्रिटिश सरकारपुढे मांडली.

पहिले महायुद्ध पेटले, माणसे कमी पडू लागली आणि सिद्धांत गुंडाळून ठेवला गेला. 1917 मध्ये '111 महार' ही पलटण उभी राहिली. युद्ध संपल्यावर 1921 पर्यंत ती मोडीतही निघाली. गरज सरो, वैद्य मरो!

दुसऱ्या महायुद्धात चित्र बदलले. 1941 च्या जुलैत व्हाइसरॉयने नेमलेल्या संरक्षणविषयक सल्लागार मंडळावर बाबासाहेब होते. त्यांनी तरुणांना भरतीचे आवाहन केले आणि महारांच्या स्वतंत्र पलटणीचा आग्रह धरला. 1 ऑक्टोबर 1941 रोजी बेळगावला पहिली बटालियन उभी राहिली, त्यानंतर कामठीला दुसरी. युद्धकाळात या रेजिमेंटने वायव्य सरहद्दीवर आणि ब्रह्मदेशात सेवा केली. तिच्या सुरुवातीच्या बोधचिन्हात कोरेगावचा स्तंभ होता.

युद्धानंतर एक बटालियन मोडली, पण या वेळी रेजिमेंट टिकली. 1946 मध्ये तिचे मशीनगन रेजिमेंटमध्ये रूपांतर झाले. 1917 आणि 1941 मध्ये शौर्याचा फरक नव्हता. मशीनगनची लष्कराला गरज होती हे खरे. पण माझ्या मते मोठा फरक असा की आता समाजाला संघटना होती, पक्ष होता आणि सत्तेच्या टेबलावर बोलणारा आपला माणूस होता.

पुढचा इतिहास स्वतंत्र भारताचा आहे. काश्मीरच्या युद्धातील पराक्रमाबद्दल कृष्णा सोनवणे यांना महावीर चक्र मिळाले. 25 नोव्हेंबर 1987 रोजी श्रीलंकेत शहीद झालेले 8 महारचे मेजर रामस्वामी परमेश्वरन परमवीर चक्राचे मानकरी ठरले. आज या रेजिमेंटमध्ये देशभरातील वेगवेगळ्या जातींचे जवान आहेत. जनरल कृष्णराव आणि जनरल सुंदरजी हे लष्करप्रमुख याच रेजिमेंटचे.

म्हणून मित्रहो, "आमचे पूर्वज शूर होते" एवढेच सांगून थांबू नका. शौर्य 1818 लाच सिद्ध झाले होते, तरी 1892 ला आपल्याला बाहेर काढले गेले. आज सरकारी जागा रिकाम्या राहतात, कायम नोकऱ्यांच्या जागी कंत्राटे येतात, तेव्हा दार पुन्हा तसेच हळूच लोटले जात असते. अशा वेळी स्तंभाच्या फोटोबरोबर वलंगकर-कांबळे यांचे अर्जही आठवा. मागणी लिहा, सह्या गोळा करा, संघटित व्हा.

जय भीम!