व्ही.पी.पी. ते ऑनलाइन : तक्रार कोणत्या गावी करायची?

महाराष्ट्राबाहेर राहणाऱ्या आपल्या मंडळींना वस्तू लांबून मागवण्याची जुनी सवय आहे. त्यात आमची रेल्वेची बदलीची नोकरी, त्यामुळे ओळखीचा दुकानदार असा टिकतच नाही. ऑनलाइन खरेदी आपल्याला वाटते तेवढी नवी नाही. टपाल खात्याने १८७७ मध्येच व्ही.पी.पी. सुरू केली होती. जाहिरात पाहून पत्र टाकायचे, पोस्टमनला आधी पैसे मोजायचे आणि मग पार्सल उघडायचे. आत काय निघेल ते आपले नशीब!

फसवणूक झाली तर दिवाणी कोर्टाची पायरी. १९३० च्या माल विक्री कायद्याचा मूळ सूर 'घेणाऱ्याने पाहून घ्यावे' असाच होता. अपवाद होते, पण एका घड्याळासाठी कोर्टात कोण जाणार? बिंदुमाधव जोशी यांनी १९७४ मध्ये पुण्यात ग्राहक पंचायतीचे काम उभे केले ते याच अनुभवातून. पुढे २४ डिसेंबर १९८६ रोजी ग्राहक संरक्षण कायद्याला राष्ट्रपतींची संमती मिळाली. वकिलावाचून तक्रार करण्याची सोय झाली. (आमची रेल्वेही यातून सुटलेली नाही. गाडी उशिरा का आली याचे समाधानकारक कारण देता आले नाही, म्हणून २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने प्रवाशाची भरपाई कायम केली.)

मात्र त्या कायद्यात एक मेख होती. तक्रार विक्रेत्याच्या गावी करायची, किंवा तक्रारीचे कारण जिथे घडले तिथे. दुकान बाजारपेठेत असताना हे ठीक होते. २००० मध्ये माहिती तंत्रज्ञान कायदा आला, ३ ऑगस्ट २००२ रोजी रेल्वेचे तिकीटही इंटरनेटवर मिळू लागले (तेव्हा कागदी तिकीट कुरिअरने घरी यायचे), आणि खरेदी नेमकी घडते कुठे हाच प्रश्न झाला. २०१३ मध्ये मी झाशीला असताना मागवलेला मिक्सर फुटका आला. कंपनीच्या अटींत बारीक अक्षरात लिहिले होते की, वाद फक्त बंगळूरच्या न्यायालयात. मिक्सरपेक्षा जाण्यायेण्याचा आणि रजेचा खर्च जास्त!

ही मेख २०१९ च्या नव्या कायद्याने काढली. तो २० जुलै २०२० पासून लागू झाला. ग्राहक जिथे राहतो किंवा नोकरी करतो, तिथल्या जिल्हा आयोगाकडे आता तक्रार करता येते, आणि ५ लाखांपर्यंतच्या खरेदीला शुल्क नाही. माझ्या मते आपल्यासारख्या फिरत्या लोकांसाठी त्या कायद्यातले हेच कलम सर्वांत मोलाचे. त्याच महिन्यात ई-कॉमर्सचे नियमही आले. कंपनीने तक्रारीची पोच ४८ तासांत द्यायची आणि महिन्याभरात निवारण करायचे, असे त्यात आहे.

'आम्ही फक्त मध्यस्थ, माल दुसऱ्याचा' हे उत्तर वेबसाइटवाल्यांकडून अजूनही मिळते. म्हणूनच खऱ्या विक्रेत्याचे नाव-पत्ता दाखवणे त्याच नियमांनी सक्तीचे केले आहे. ते नाव वाचून मग वस्तू मागवणारा माणूस मात्र आमच्या ऑफिसात मला अजून भेटायचा आहे.